एका माणसाचे यकृत आणि आपले निष्कर्ष

‘सुपर साइज मी’ हा मॉर्गन स्परलॉक यांचा २००४ सालचा अमेरिकी माहितीपट. लठ्ठपणाविषयी वर्गात बोलायचे, तर शिक्षकाला तो हाताशी असावा असे वाटेल. स्परलॉक ३० दिवस तिन्ही वेळा केवळ मॅक्डोनाल्डमधलेच खातात आणि चालणेही कमी करतात. महिनाअखेर त्यांचे वजन सुमारे ११ किलोने वाढते. यकृताच्या तपासण्या तर इतक्या बिघडतात की डॉक्टरही चकित होतात.

माहितीपट रंजक आहे, आणि एक महत्त्वाची गोष्ट तो लोकांपुढे आणतो. जास्तीचे खाणे पोटावर दिसते, तसेच ते आत यकृतातही साठते. गरजेहून अधिक आलेल्या साखरेचे यकृत मेदात रूपांतर करते. लठ्ठपणात इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, त्यामुळे शरीरातल्या चरबीतून मेदाम्ले सुटून यकृताकडे येत राहतात. यकृतात सुमारे ५ टक्क्यांहून अधिक मेद साठला, की त्याला मेदयुक्त यकृत म्हणतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास जाणवत नाही. पण काहींच्या यकृताला पुढे सूज येते आणि ते हळूहळू निबर होत जाते.

पण याच माहितीपटाकडे प्रयोग म्हणून पाहिले तर? प्रयोगाला माणूस एकच, आणि तुलनेला कोणी नाही. शिवाय २०१७ साली स्परलॉक यांनी स्वतःच जाहीर केले, की गेल्या ३० वर्षांत आपण सलग आठवड्याहून अधिक काळ दारूपासून दूर राहिलेलो नाही. मग यकृत बिघडले ते खाण्याने की दारूने, हे या माहितीपटावरून ठरवताच येत नाही.

प्रश्न मात्र खरा होता. स्वीडनमधील संशोधकांनी तो नीट तपासला आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८ निरोगी तरुण-तरुणींनी चार आठवडे रोज दोनदा असेच जेवण घेतले. तुलनेसाठी दुसरा गट होता. वजन सरासरी ६.४ किलोने वाढले. यकृताला इजा झाल्यास रक्तात वाढणारे एएलटी हे विकर ११ जणांत मर्यादेबाहेर गेले. साखर जास्त खाणाऱ्यांत ही वाढ जास्त होती. मात्र मेदयुक्त यकृत म्हणावे इतका मेद फक्त दोघांत साठला. माहितीपटाइतके हे चित्र भडक नाही, पण विश्वासार्ह आहे.

आमचा दुसरा आक्षेप आपल्या वर्गाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. माहितीपट पाहून ‘लठ्ठ तो रोगी, सडपातळ तो सुरक्षित’ असे समीकरण मनात बसते. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात १,९११ जणांची पाहणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ८.७ टक्के लोकांना, दारूशी संबंध नसलेला हा विकार होता. आणि त्यांतल्या ७५ टक्के लोकांचा शरीरभार निर्देशांक २५ पेक्षा कमी होता. म्हणजे लठ्ठपणा हे मोठे कारण खरे, पण एकमेव नव्हे. हे न सांगता माहितीपट दाखवला, तर वर्गातल्या जाड मुलाकडे सगळे वळून पाहतील आणि बारीक मुले निश्चिंत होतील. दोन्ही चूकच.

तेव्हा माहितीपट जरूर दाखवावा. फक्त शेवटचे निकाल येण्यापूर्वी तो थांबवावा आणि विचारावे: आणखी कोणती माहिती मिळाली, तर तुम्ही यावर विश्वास ठेवाल? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत, मगच स्वीडनचा प्रयोग सांगावा.