बोर्डिंगचा भात

गेल्या मे महिन्यात आमची नात सुट्टीला कर्जतला आली, ती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काखोटीला मारूनच. पुस्तक हॅरी पॉटरचे. चार दिवस ती पडवीतल्या झोपाळ्यावरून उठली नाही. पाचव्या दिवशी आमरस वाढून घेताना तिने एकाएकी विचारले, "आजोबा, तुम्हीपण लहानपणी बोर्डिंगमध्ये होतात ना? तिथं अशीच मजा असायची का?"

मी म्हटले, "आमच्या बोर्डिंगात जादू एकच होती. तीस मुलांची आमटी पन्नास मुलांना पुरायची." ती खळखळून हसली आणि पुन्हा पुस्तकात बुडाली. मला मात्र त्या दुपारी झोप आली नाही. विनोद साधला होता, पण प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. साहेबाच्या भाषेत बोर्डिंग शाळेवर दीडशे वर्षांहून अधिक काळ गोष्टी लिहिल्या जात आहेत आणि पोरे त्या मिटक्या मारीत वाचत आहेत. आमच्याकडे बोर्डिंगे काय कमी झाली? मग आमच्या त्या गोष्टी कुठे आहेत?

संध्याकाळी उठून मी कपाट उघडले. त्यानंतर पावसाळाभर जे वाचले, पुन्हा वाचले, त्याची ही हकीकत आहे.

सुरुवात मूळपुरुषापासून करू. टॉमस ह्यूज याने १८५७ साली ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहिली. शाळा रग्बीची, आणि हेडमास्तर डॉ. टॉमस आर्नल्ड. ह्यूज स्वतः त्या शाळेचा विद्यार्थी, तेव्हा लेखनात आतल्या माणसाची ऊब आहे. नवा पोरगा टॉम शाळेत पोहोचतो आणि त्याच दिवशी फुटबॉलच्या धुमश्चक्रीत उडी घेतो. खेळ संपल्यावर मित्राला घेऊन भाजलेले बटाटे आणायला जातो. सॉसेजही घेतो. पैसे त्याच्या खिशात आहेत, बापाने दिलेले. एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या इंग्रजी शालेय कथांत, अगदी एनिड ब्लायटनच्या मुलींच्या बोर्डिंगपर्यंत, खाणे म्हणजे चंगळ. घरून डबे येतात, मध्यरात्री चोरून फराळ होतो आणि बाई पकडतात. नातीच्या पुस्तकातल्या त्या जादूच्या शाळेत तर ताटे आपोआप भरतात. खाण्याचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न त्या पोरांना पडत नाही आणि वाचकालाही पडू दिला जात नाही.

आता आमचे पाहा. आमच्याकडे बोर्डिंग निघण्यापूर्वी माधुकरी होती, वार होते. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असा सात घरी जेवून विद्यार्थी शिकायचा. कोणत्या घरी ताक आंबट आणि कोणत्या घरी काकूंचा चेहरा, हे त्याला पाठ असे. आमचे वसतिगृह या वारांच्या पोटी जन्मले. त्यामुळे त्याच्या गोष्टीत पहिला प्रश्न खेळाचा नसतो, जेवणाचा असतो. आणि त्याला लागूनच दुसरा, की हे कोणाचे आहे?

साने गुरुजींचा श्याम शिकण्यासाठी औंधाला जातो, हाताने भात शिजवतो, प्रसंगी उपाशी राहतो. ‘धडपडणारा श्याम’ आमच्या टीकाकारांनी रडका म्हणून बाजूला सारला आहे. तरुणपणी मीही त्या मताचा होतो. वर्गात मुलांसमोर तसे बोललोही आहे. आता वाटते, आम्ही त्याचे रडणे मोजत बसलो आणि त्याची भूक वाचलीच नाही. श्यामला घास गिळताना घर आठवते. आपण येथे जेवतो आहोत तेव्हा तिकडे आई काय जेवली असेल, हा विचार त्याच्या ताटाशेजारी बसलेला असतो. टॉम ब्राउनच्या ताटाशेजारी तो कधीच नव्हता, कारण टॉमच्या आईच्या जेवणाविषयी काळजीचे कारण नव्हते. श्यामचे अश्रू लेखकाच्या स्वभावाचे आहेत हे खरे. पण त्याखालचा हिशेब परिस्थितीचा आहे.

पुढे हाच श्याम मोठा होऊन अंमळनेरला शिक्षक झाला, छात्रालयाचा प्रमुख झाला. १९३० साली नोकरी सोडून चळवळीत पडेपर्यंत त्याने मुलांच्या खोल्या झाडल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली आणि हस्तलिखित दैनिक काढून रोज मुलांच्या हाती ठेवले. हे सारे थोर आहे. परंतु येथेच मराठी बोर्डिंग-वाङ्मयाची एक अडचणही सुरू होते. आमच्या कपाटातली बरीच पुस्तके वाढणाऱ्यांनी लिहिली आहेत, जेवणाऱ्यांनी नव्हेत. महर्षी कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) घ्या. पुण्यात १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडीत कसा गेला, फर्ग्युसनमधले शिकवणे आटोपून अण्णा पायी तिकडे कसे जात, हे त्यात वाचावे आणि मान लववावी. तरी मला वाचताना नेहमी वाटते, त्या झोपडीत झोपलेल्या मुलीला रात्री पाऊस ऐकून काय वाटले असेल? हिशेबनिसाच्या नितळ गद्यात ते सापडत नाही. पार्वतीबाई आठवले आश्रमात शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या, थेट अमेरिकेपर्यंत. त्यांची ‘माझी कहाणी’ या दोहोंच्या मध्ये उभी आहे. आधी पंक्तीत बसलेली बाई मग वाढायला उठते, म्हणून तिच्या शब्दांत चव वेगळी आहे.

आणि एक पुस्तक मी विसरत होतो. आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे ही गोदूबाई, पुढच्या बाया कर्वे. सारे आयुष्य उपकार घेण्यात आणि करण्यात गेलेले, पण बाईंची लेखणी कोणापुढे वाकत नाही. त्या सरळ, घरगुती, जरा खट्याळपणाने बोलतात. उपकार झालेल्या माणसाने हसायचे नाही, हा आमच्या वाङ्मयातला अलिखित दंडक त्यांना कोणी सांगितलाच नसावा.

हा दंडक मला चांगला ठाऊक आहे, कारण मी तो पाळून वाढलो. १९६० ते १९६५ मी घाटावरच्या एका बोर्डिंगात काढली. घर आमचे कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. वडील तिमाहीला तांदळाची गोण घेऊन कर्जत स्टेशनवर येत. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लागत, तेवढ्या वेळात गोण कशीबशी आत सरकवायची. बोर्डिंगात एक वही होती. कोणाचे धान्य आले, कोणाचे नाही, ते दर शनिवारी रात्री पंक्ती बसल्यावर मोठ्याने वाचले जाई. ज्याचे आले नाही त्याने उभे राहावयाचे. एका वर्षी अवकाळी पावसाने खळ्यातले भात भिजले आणि मी सलग पाच शनिवार उभा राहिलो. ताट समोर होते आणि वाढलेलेही होते. कोणी उपाशी ठेवले नाही. पण त्या भाताची वाफ निवेपर्यंत उभे राहायचे असा रिवाज होता. मला त्या ठिकाणी विद्या मिळाली, आयुष्य मिळाले. म्हणून साठ वर्षे मी याविषयी अवाक्षर लिहिले नाही. आजही नाव लिहीत नाही.

हे असे शनिवार केवळ आमच्याच वाट्याला आले, असे मात्र समजू नये. जॉर्ज ऑर्वेलने आपल्या लहानपणच्या बोर्डिंग शाळेवर एक दीर्घ निबंध लिहिला आहे. तो छापला गेला १९५२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, आणि तोही अमेरिकेत. इंग्लंडात अब्रूनुकसानीच्या भयाने तो १९६८ पर्यंत थांबला. ऑर्वेल कमी फीवर घेतलेला मुलगा होता, आणि ही मेहेरबानी चालकांकडून त्याला ऐकविली जाई. तो निबंध वाचताना मला क्षणभर वाटले, हा तर आमच्याच पंक्तीत दोन पाट सोडून बसलेला! तेव्हा भेद साहेबाचा आणि आमचा नव्हे. ताटाचे पैसे ज्याच्या बापाने भरले त्याची गोष्ट एक, आणि ज्याच्या ताटाचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत आहे त्याची गोष्ट दुसरी. मराठीत पहिल्या जातीचा मुलगा फारसा लिहिता झाला नाही. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) मजेची आहे खरी, पण ती शाळा सुटली की पोरे घरी जेवायला जातात.

साताऱ्याला १९२४ साली भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र रांधून एका पंक्तीत जेवत, आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे महाराष्ट्रातले पोर न् पोर जाणते. त्या दागिन्यांवर भाषणे उदंड झाली. पण त्या दिवशीच्या भाताविषयी, तो जेवणाऱ्याने लिहिलेले पान मला हवे आहे. दागिना मोडला गेला हे ठाऊक असताना घास कसा उतरतो? हे भाषणात सांगता येत नाही, त्याला वाङ्मयच लागते. असे वाङ्मय होऊ शकते याचा पुरावा दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) दिला. त्यात संगमनेरच्या बोर्डिंगचे दिवस येतात. तेथे कृतज्ञता आहे आणि चीडही आहे, आणि लेखक एकीसाठी दुसरीला दडपत नाही. आमचा दंडक तोडणारे मराठीतले पहिले मोठे पुस्तक ते. माझ्या पिढीच्या पांढरपेशा वाचकांना ते खटकले, याचे एक कारण मला हेही वाटते, की पंक्तीत गप्प बसण्याची आमची सवय त्याने उघडी पाडली.

आता घराजवळ येतो. कर्जत आणि खालापूर म्हटले की लोकांना माथेरान, घाट, स्टेशनवरचा वडा आणि हल्ली फार्महाउसे आठवतात. शेतकऱ्याला भाताची वाणे आठवतात. येथल्या संशोधन केंद्राने ‘कर्जत-१८४’सारखी वाणे काढली आणि आमच्या गावाचे नाव बियाण्याच्या पिशवीवर चढले. परंतु येथली खरी बोर्डिंगे डोंगराच्या कुशीत आहेत, त्यांना आश्रमशाळा म्हणतात. ठाकर आणि कातकरी मुले तेथे राहतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मूल बरोबर गेले तर शाळा सुटते. आश्रमशाळेत राहिले तर आईबाप सुटतात. तुम्ही हा अंक फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचत असाल, त्याच आठवड्यात अनेक घरी ही निवड होत असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती आले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. वाडीतली काही मुले त्या रात्री घरी नव्हती, निवासी आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. बातमी एवढीच होती, आणि मी ती घडी घालून ठेवली आहे. त्या मुलांनी त्या संध्याकाळी रांगेत उभे राहून ताट पुढे केले असेल, भात कच्चा आहे म्हणून कुरकुरही केली असेल. आईने वाढलेले जेवण आपल्याला आज मिळाले नाही, याचे वाईट वाटून कोणी झोपले असेल. श्यामच्या ताटाशेजारी बसलेला प्रश्न या मुलांच्या ताटाशेजारी आता कसा बसत असेल, याची कल्पना माझ्या कोणत्याही वाचनाने मला करता येत नाही.

मी या तालुक्यात चौतीस वर्षे मराठी शिकविले. एकदा नववीच्या वर्गाला ‘माझे वसतिगृह’ हा निबंध दिला होता. एका ठाकर मुलाने अर्धेच पान लिहिले. आपले ताट कोणते हे ओळखण्यासाठी त्याने त्यावर खिळ्याने खूण केली होती, ती कशी केली याचे त्यात वर्णन होते. पुढे, इथला भात फार पांढरा आहे, घरचा तांबडा असतो, पांढऱ्याने पोट भरते पण भरल्यासारखे वाटत नाही, असे काहीतरी होते. शेवटी मुलांनी स्वयंपाक्याची नक्कल केली आणि तो स्वतःच कसा हसला, हेही होते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका अठरा निघाल्या. मी दहापैकी चार गुण दिले आणि ‘विषय सोडून लिहिले’ असा लाल शाईचा शेरा मारून कागद परत केला.

आता ते पान माझ्यापाशी नाही. ज्या पुस्तकाच्या शोधात मी पावसाळाभर कपाट धुंडाळले, त्याचे पहिले पान कदाचित तेच असेल. संपादकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या दिवाळी अंकात आम्हा म्हाताऱ्यांची चार पाने कमी करा आणि ती एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलाला किंवा मुलीला द्या, मानधनासह. जेवणाविषयी लिहा, एवढेच सांगा. मुद्रिते मी तपासून देईन. गुण देणार नाही.