सुवाहकतेचे अर्धे उत्तर

शेव्हरोलेच्या १९५५ सालच्या आठ सिलिंडरांच्या ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनाची दोन्ही हेड बिडाची होती. जुन्या गाड्यांचे अमेरिकी शौकीन ती काढून त्याजागी बाजारात मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची हेड बसवतात. शक्ती वाढते. का? नेहमीचे उत्तर : अ‍ॅल्युमिनियम उष्णतेचे सुवाहक आहे. आपले विद्यार्थीही हेच लिहितील आणि बहुधा पूर्ण गुण मिळवतील!

हे उत्तर पटण्याजोगे नाही. दट्ट्या ढकलला जातो तो तापलेल्या वायूंच्या दाबाने. भिंतीने उष्णता जास्त ओढून घेतली तर दाब कमीच होणार. म्हणजे नुसती सुवाहकता इथे तोट्याची. फायदा होतो तो आडवाटेने. भिंत थंड राहिल्याने मिश्रण आपोआप भडकण्याचा धोका घटतो, म्हणून संपीडन गुणोत्तर थोडे वाढवता येते. शिवाय नव्या हेडमधील हवेच्या वाटा अधिक मोकळ्या असतात. शक्तीतील बरीचशी वाढ त्यांची. आणि तसा आकार बिडातही ओतता येतोच की!

या उत्तरात प्रसरणाला जागाच नाही. अर्धा मीटर लांबीची पट्टी ८० अंश सेल्सिअसने तापवली तर अ‍ॅल्युमिनियमची सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढते, बिडाची त्याच्या निम्म्याने. खालचा ब्लॉक तर बिडाचाच. इंजिन तापते-निवते तसतसे हे घासणे मधल्या गॅस्केटला सोसावे लागते. रुळांमधल्या फटीपेक्षा हे उदाहरण वर्गात जास्त रंगेल. बोल्ट पोलादी, ते हेडपेक्षा कमी वाढतात. तापल्यावर त्यांच्यावरचा ताण वाढतो. म्हणून ते इंजिन थंड असतानाच, खाली कठीण वॉशर घालून, मोजून आवळायचे.