धंद्याचीं पुस्तकें आणि धंद्याची वही

मराठींत अलीकडे स्वतंत्र धंदा कसा करावा हें शिकविणाऱ्या पुस्तकांचें चांगलेंच पीक आलें आहे. वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या मासिकांत ह्या पुस्तकांस सहसा स्थान मिळत नाहीं. कादंबरी व काव्य यांच्या पंक्तीस त्यांस कसें बसवावें, असा संकोच आम्हां टीकाकारांस वाटत असावा. परंतु जीं पुस्तकें वाचून माणसें नोकरी सोडतात, घरांतले दागिने गहाण ठेवतात व आईबापांच्या ठेवी मोडतात, त्यांची परीक्षा कादंबरीहून अधिक कसोशीनें व्हावयास पाहिजे. ती आम्हीं आजपर्यंत केली नाहीं. उलट, कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका पुस्तकाच्या प्रकाशनसमारंभांत, तें अर्धवट चाळून, त्याच्या 'स्फूर्तिदायक' शैलीची आम्हीं तोंड भरून स्तुति केली होती. तेंच पुस्तक हातीं घेऊन आमचा एक जुना विद्यार्थी पुढें आमच्या घरीं आला. त्याची हकीकत ओघानें येईलच.

मराठी माणसानें उद्योगधंद्यांत पडावें हा उपदेश नवा नाहीं. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत जीं शतपत्रें लिहिलीं, त्यांत आपल्या लोकांच्या व्यापाराविषयींच्या अनास्थेवर त्यांनीं कडक कोरडे ओढले आहेत. १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघालें, तें तर एका कारखान्याच्याच अंगणांत जन्मास आलें. नागपूरचें 'उद्यम' मासिक शेती व लहान उद्योग यांची माहिती घरोघर पोंचवी. ह्या जुन्या लेखनाची भाषा कित्येकदां रुक्ष असे. पण त्यांत पदार्थ काय, तो कसा करावा, ह्याकडे लक्ष असे. आजचें धंद्याचें पुस्तक उघडावें, तों तें मनाचें पुस्तक निघतें. स्वप्न पाहा, भीति टाका, अपयशास पायरी समजा, अशा मजकुरानें दोनतृतीयांश पानें भरलेलीं. उरलेल्या पानांत सरकारी योजनांची जंत्री. मुद्रा योजना २०१५ सालीं सुरू झाली, 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून आली, ही माहिती उपयुक्त खरी. परंतु ती कोणत्याही बँकेंत विचारली असतां मिळते, आणि नियम बदलले कीं तेवढीं पानें रद्द होतात.

आमचा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. हीं पुस्तकें जीं उदाहरणें देतात तीं खरीं असतात. पण त्यांतला नेमका उपयोगाचा भाग गाळून देतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण प्रत्येक पुस्तकांत आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगांवीं आले, त्यांनीं लोखंडी नांगर केला, लोखंडानें जमीन नासते अशा समजुतीमुळें शेतकरी तो घेईनात, पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधच्या पंतप्रतिनिधींनीं जमीन दिली व १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. येथें आमचे लेखक 'चिकाटी' ह्या गुणावर एक परिच्छेद लिहून मोकळे होतात. परंतु ज्यास उद्यां दुकान घालावयाचें आहे अशा वाचकाचा प्रश्न निराळाच असतो: नांगर खपत नव्हता त्या काळांत चूल कशावर पेटत होती? किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें दुकान १८८८ पासून होतें, कडबा कापण्याचीं यंत्रें होतीं, ही गोष्ट चरित्रांत असते, पण धंद्याच्या पुस्तकांत येत नाहीं. चिकाटीला कोणाच्या तरी मिळकतीचा आधार लागतो, हें सांगितल्यानें त्या थोर पुरुषाचें थोरपण तिळभरही कमी होत नाहीं.

दुसरें लाडकें उदाहरण लिज्जत पापडाचें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. लेखकांची लेखणी त्या ८० रुपयांपाशीं येऊन अशी कांहीं गहिंवरते कीं पुढें सरकतच नाहीं! वस्तुतः शिकण्यासारखें आहे तें त्या संस्थेच्या रचनेंत. पीठ मळून वांटून द्यावयाचें, भगिनींनीं तें आपापल्या घरीं नेऊन लाटावयाचें, आणि जितके लाटले त्या वजनावर मजुरी. म्हणजे लाटण्यासाठीं जागेचें भाडें नाहीं, आणि माल कमी गेला तर मजुरीचें ओझेंही त्या मानानें कमी. ज्या धंद्याचा खर्च विक्रीबरोबर वाढतो व विक्रीबरोबर उतरतो, तो मंदीचे दिवस काढूं शकतो. ह्याचा विचार करणारें एकही पान आम्हांस आढळलें नाहीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याची हकीकत. त्यानें भाजणीचा धंदा काढला. आईच्या हातची भाजणी उत्तम, शेजारीपाजारी मागणी, अन्न सुरक्षेची नोंदणी वगैरे यथासांग. अर्ध्या किलोचें पाकीट दुकानदारास १०० रुपयांस द्यावयाचें. धान्य, भाजणें, दळणें व पाकीट मिळून खर्च ७० रुपये. म्हणजे पाकिटामागें ३० रुपये नफा, असें त्यानें पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलें होतें. महिन्यास हजार पाकिटें जाऊं लागलीं; ३०,००० रुपये सुटले. त्यांतून खोलीचें भाडें ९,०००, मदतनिसाचा पगार १२,०००, वीज व वाहतूक ५,०००, उरले ४,०००. ८६७ पाकिटें गेल्यावांचून नुसता हा वरखर्चही निघत नव्हता, आणि स्वतःच्या मेहनतीचा पगार त्यानें कोठें धरलाच नव्हता. हें तो हिशेबानें शिकला नाहीं, घरीं बायकोनें किराण्याचे पैसे मागितले तेव्हां शिकला.

तरीही धंदा बुडाला तो ह्यामुळें नव्हे. धान्याचा व्यापारी रोख घेई. दुकानदार दोन महिन्यांनीं पैसे देत. महिन्याचा माल ७०,००० व इतर खर्च २६,००० मिळून ९६,००० रुपये. दोन महिन्यांचे १,९२,०००. इतकी रक्कम हातची गेल्यावर मग पहिली वसुली यावयाची. त्याच्यापाशीं होते दीड लाख. दुसरा महिना सरण्यापूर्वींच गल्ला रिकामा झाला, आणि वहींत मात्र नफाच दिसत होता! मागणी दुप्पट झाली असती तर तो अधिकच लवकर बंद पडला असता. पैशाची नड पाहून एका दुकानदारानें दहा टक्के सूट मागितली व रोख देऊं केलें. दहा टक्के ही त्यास लहान गोष्ट वाटली. परंतु १०० चे ९० झाले कीं ३० चे २० होतात. पूर्वीचाच ऐवज सुटावयास हजाराऐवजीं दीड हजार पाकिटें खपावीं लागतात. हें त्रैराशिक चौथीच्या मुलास येतें. तें ज्या पुस्तकांत नाहीं त्या पुस्तकाची आम्हीं स्तुति केली होती, आणि तो आमच्या समोर बसला होता.

कोणी म्हणेल, उधारीवर कायदा आहे. आहे खरा, २००६ च्या कायद्यानें लहान उत्पादकाचे पैसे करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आंत दिले पाहिजेत, नाहीं तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण कोपऱ्यावरच्या वाण्यास नोटीस धाडणारा भाजणीवाला पुढच्या महिन्यांत कोणाच्या फळीवर पाकीट ठेवणार? ह्या कायद्याचें कलम पुस्तकांत छापणें सोपें आहे. तो वापरावा केव्हां व गप्प बसावें केव्हां, हें अनुभवी माणसानेंच लिहावयाचें असतें, आणि अनुभवी माणसें बहुधा लिहीत नाहींत. जीं लिहितात तीं यशस्वी झाल्यावर, वीस वर्षांनीं, जुनी उधारी विसरून लिहितात. पुस्तकांचा हा दोष लेखकांच्या अप्रामाणिकपणाचा नव्हे, दुरून पाहण्याचा आहे. डोंगर दुरून साजरा दिसतो, तसाच हा प्रकार.

ह्या पुस्तकांनीं पगाराच्या पलीकडे पाहण्याची उमेद मध्यमवर्गीय घरांत आणली, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमच्या पिढीस ती कोणी दिली नव्हती. आम्ही स्वतः तीस वर्षें ठराविक तारखेस वेतन घेऊन दुसऱ्यांस धाडसाचे धडे देत आलों. परंतु उमेदीच्या जोडीला एखाद्या लेखकानें आपल्या पहिल्या वर्षाची रोजकीर्द जशीच्या तशी, खाडाखोडीसह, छापून द्यावी. कोणत्या महिन्यांत काय आलें, काय गेलें, कोणी बुडविलें, घरखर्चास काय उचललें, एवढेंच. तशी पन्नास पानें असलेल्या पुस्तकास शैली नसली तरी आम्ही तें संग्रहीं ठेवूं.

त्या विद्यार्थ्यानें खोली सोडली. हल्लीं तो आईच्या स्वयंपाकघरांतच, आगाऊ मागणी घेऊन व रोख पैसे घेऊन, महिन्यास दोन-अडीचशें पाकिटें करतो आणि सकाळीं एका कचेरींत कामास जातो. त्याची वही आम्हीं ह्या लेखासाठीं मागून आणली होती. शेवटच्या पानावर तीन दुकानांचीं येणीं पेन्सिलीनें लिहिलेलीं आहेत. त्यांतलें एक खोडलेलें आहे.