प्रित्झ्कर नेमकं कुणाला मिळतं?

आता प्रित्झ्कर पारितोषिकाकडे वळू. १९७९ पासून दिलं जातं. एक लाख डॉलर आणि एक कांस्यपदक. वास्तुकलेचं नोबेल म्हणतात त्याला. बाळकृष्ण दोशींना ते २०१८ मध्ये मिळालं, तेव्हा आपल्याला आनंद झाला. दोशी जन्माने पुण्याचे, शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये, आनंद होणारच. पण हे पारितोषिक इमारतीला मिळत नाही, माणसाला मिळतं, आणि आमचा आक्षेप आहे तो इथेच.

१९९१ चं उदाहरण घ्या. पारितोषिक रॉबर्ट व्हेंचुरी यांना. त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राऊन त्याच कार्यालयात भागीदार, लास व्हेगासवरच्या गाजलेल्या पुस्तकाच्या सहलेखिका. त्यांचं नाव नाही. त्या समारंभाला गेल्याच नाहीत. २०१३ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी अर्ज फिरवला, हजारोंनी सह्या केल्या. स्वतः व्हेंचुरींनीसुद्धा, बरं का! निवड समितीचं उत्तर आलं: जुन्या समितीचा निर्णय नव्या समितीला बदलता येत नाही. नियमाला धरून असेल, पण पटत नाही. कारण २००१ मध्येच हेरत्सोग आणि द म्यूरॉन या दोघा भागीदारांना ते मिळून दिलं होतं. म्हणजे जोडी दिसत नव्हती असं नाही.

आणि इंदूरचं अरण्य? तिथे दोशींनी घरं बांधून दिली नाहीत, सुरुवात करून दिली. लहान प्लॉट, जोतं, संडास, पाणी, सांडपाण्याची सोय. नमुन्याची घरं बांधली ती ८०. प्लॉट साडेसहा हजारांच्या आसपास. बाकीचं लोकांनी बांधलं: पैसे आले की खोली, आणखी आले की वर मजला. घर वाढेल हे धरूनच केलेलं नियोजन. आमच्या मते दोशींचं सगळ्यात मोठं काम हेच.

या अरण्याला १९९५ मध्ये आगा खान पारितोषिक मिळालं. ते प्रकल्पाला दिलं जातं. रक्कम आर्किटेक्ट, काम करवून घेणारी संस्था, कारागीर यांच्यात वाटता येते, आणि वास्तू किमान वर्षभर वापरात असावी लागते. त्याचं क्षेत्र मर्यादित आहे, मुस्लिम समाजाचं लक्षणीय अस्तित्व असलेल्या प्रदेशांपुरतं, हे खरं. पण वास्तू कशी उभी राहते हे त्याला जास्त कळलंय. प्रित्झ्करने २३ वर्षांनी त्याच अरण्याचा गौरव केला, तो मात्र एकट्या दोशींच्या खात्यावर.

अरण्याचे फोटो शोधून बघा. त्या ८० घरांचे सहज सापडतील. उरलेल्या हजारो घरांचे किती सापडतात, तेही मोजा.