लोकगायनातील प्रतिसादाचे स्थान : लालबावटा कलापथक आणि ब्लूज

अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या जीवनातून ब्लूज हा गायनप्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आला. गिटार, माउथऑर्गन अशा साध्या वाद्यांवर दोघा-तिघांनी मिळून तो सादर करण्याची परंपरा आजही टिकून आहे. मराठीत या परंपरेला जवळची अशी त्रयी शोधावयाची झाल्यास ती लालबावटा कलापथकात सापडते. बार्शी येथे १९१६ साली जन्मलेले अमर शेख, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे (जन्म १९२०) आणि द. ना. गवाणकर हे तिचे तीन शाहीर होत. प्रस्तुत टिपणात या दोन परंपरांतील साम्यभेदाचा विचार केला आहे.

साम्य प्रथम विषयात जाणवते. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतील मळा सोडून शिकागोस गेला. अण्णाभाऊ गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आले. गाव सुटणे, पोटासाठी राबणे आणि जिवलगांचा विरह हा दोन्ही गायनांचा गाभा आहे. तथापि केवळ विषयसाम्यावर थांबणे अपुरे ठरेल. खरा प्रश्न रचनेचा आहे.

ब्लूजचा गायक सामान्यतः एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर देतो. ओळीनंतर उरलेल्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. श्रमगीतांत ही जागा सोबत राबणाऱ्या मजुरांची होती. ब्लूजमध्ये समूह मागे सरला आणि वाद्य पुढे आले. शाहिरीत मात्र झीलकरी कायम राहिला. डफ-तुणतुण्याच्या साथीत शाहिराने ओळ सोडली की साथीदार ती उचलून धरतात. ब्लूजमधील ‘मी’ बहुधा एकाकीच राहतो. शाहिरीतील ‘मी’ झीलेतून ‘आम्ही’ होतो.

अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिचा आरंभ मुंबईस आलेल्या कष्टकऱ्याच्या विरहात होतो आणि शेवट संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत. कागदावर हे वळण आकस्मिक, क्वचित प्रचारकी वाटते. गायनात तसे होत नाही. कारण त्या विरहात पहिल्या ओळीपासूनच इतरांचा आवाज मिसळलेला असतो. व्यक्तीच्या दुःखाकडून समूहाच्या मागणीकडे जाण्याची वाट झीलेनेच तयार केलेली असते.

या रचनेची मर्यादाही नोंदविली पाहिजे. मैना अखेरीस दुरावलेल्या मराठी मुलखाचे प्रतीक होते. माणूस म्हणून ती मागे पडते आणि तिला स्वतःचा शब्द मिळत नाही. ब्लूजच्या ध्वनिमुद्रणात मात्र १९२० च्या दशकात मा रेनी, बेसी स्मिथ या गायिकाच अग्रभागी होत्या आणि स्त्रीचे दुःख स्त्रीच्याच आवाजात लोकांपर्यंत पोहोचत होते. मराठीत हा आवाज जात्यावरच्या ओवीत होता. या त्रयीच्या मंचावर तो आला नाही.

अभ्यासक्रमात शाहिरी बहुतांशी छापील संहिता म्हणून शिकविली जाते. तेथे झील हे केवळ पालुपद ठरते आणि कवितेचा अर्थ एकट्या कवीच्या नावावर जमा होतो. अमर शेखांचा पहाडी आवाज आणि साथीदारांचा प्रतिसाद वगळून केलेले या रचनांचे मूल्यमापन म्हणूनच अर्धवट राहते. विद्यार्थ्यांनी त्या किमान तीन आवाजांत म्हणून पाहाव्यात आणि मग त्यांविषयी मत बनवावे, हे अधिक न्याय्य होईल.