क्रिस्तपुराण आणि त्याचे श्रोते

फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्याचा बराच भाग एकाच स्थळीं अडून बसलेला दिसतो. एका इंग्रज जेजुइटानें मराठी भाषेची थोरवी गाइली, हें ऐकून आमच्या अभिमानास सुख होतें. त्या थोड्या ओव्या व्याख्यानांतून फिरत राहतात, आणि उरलेला, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ कपाटांत पडून राहतो. स्तुति झाली ती भाषेची; ग्रंथाची परीक्षा राहूनच गेली. हा ग्रंथ कोणापुढें वाचला जावा म्हणून रचला, हें विचारल्यावांचून ती परीक्षा होणें नाहीं, असें आमचें मत आहे.

तो गोव्यांतील साष्टी प्रांताच्या ख्रिस्ती मंडळीसाठीं रचला. वसईकडील मराठी ख्रिस्ती इगर्जीभोंवतालच्या मंडळीस धर्मग्राम म्हणतात. साष्टींत असे धर्मग्राम त्या वेळीं नुकते वसत होते, आणि ते सुखासुखीं वसले नव्हते. १५६७ च्या सुमारास या प्रांतांतील देवळें पाडलीं गेलीं. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला. पुढें चारच वर्षांनीं कुंकळ्ळीस गांवकऱ्यांनीं पांच जेजुइटांस ठार केलें, आणि मागाहून कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांस असोळणेंच्या किल्ल्यांत बोलावून दग्यानें मारण्यांत आलें. ज्यांच्या कानांवर ही ओवी पडावयाची होती, त्यांच्या घरांत या गोष्टींची आठवण ताजी होती.

म्हणूनच ग्रंथाचा आरंभ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. धर्मशिकवणीच्या प्रसंगीं एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीस विचारतो, त्याचा आशय असा : आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्जिलीं, मग त्यांच्या जागीं दुसरीं आम्हांस कां देत नाहीं? हा प्रश्न नम्र आहे, पण साधा नाहीं. ज्यांचें कांहीं हिरावून घेतलें आहे त्यांनीं तें घेणाऱ्यापुढेंच मांडलेली ती मागणी आहे. स्टीफन्सला ती गाळतां आली असती. सृष्टीच्या उत्पत्तीपासून थेट कथेस आरंभ करून त्याचें काम भागलें असतें. तसें न करितां त्यानें ती उणीव ग्रंथाच्या दाराशींच मांडून ठेविली, आणि पंचाण्णव अवस्वरांचा सारा विस्तार त्या उणिवेला दिलेलें उत्तर झाला.

येथें एकनाथांची आठवण होते. एकनाथी भागवत १५७३ सालीं पुरें झालें. म्हणजे दोघे एकाच काळाचे, आणि ओवीही तीच, पहिल्या तीन चरणांचें यमक साधणारी. वक्ता-श्रोत्यांचा संवादही दोहोंकडे आहे. परंतु नाथांचे श्रोते संतसज्जन आहेत. त्यांना विषय ठाऊक आहे, ते वक्त्यास कौतुकानें पुढें नेतात. स्टीफन्सचा श्रोता अडखळतो, शंका काढतो, पुन्हा विचारतो. तो अधिक जिवंत वाटतो तो यामुळेंच. मात्र येथेंच ग्रंथाची मर्यादाही दिसते. प्रश्न कितीही खरा असो, शेवटचा शब्द पाद्रीचाच. श्रोत्याचें समाधान झालेंच पाहिजे असें आधीं ठरलेलें आहे. लांबच लांब सिद्धांतविवेचनांत तर श्रोता नाहींसाच होतो, आणि त्याच्याबरोबर काव्यही.

भाषेची निवडही श्रोत्यांवरूनच समजते. याच स्टीफन्सनें ख्रिस्ती शिकवणीचें प्रश्नोत्तरांचें पुस्तक कोंकणींत रचलें (तें त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ त, छापलें गेलें), आणि कोंकणीचें व्याकरणही लिहिलें. घरीं बोलली जाणारी भाषा त्यास चांगली अवगत होती. तरी पुराण मराठींतच. कारण पोथी म्हणून जें कानीं पडावयाचें तें मराठींत, ही त्या लोकांची जुनी संवय होती. मराठीची ती प्रसिद्ध स्तुति या निवडीचें समर्थन म्हणून वाचावी. मग ती निव्वळ अलंकार राहत नाहीं. आमच्या अभिमानासाठीं ती लिहिलेली नव्हती.

१६१६ सालीं ग्रंथ प्रथम छापला गेला, तो रोमन लिपींत. नागरी टाइप व्हावेत ही स्टीफन्सची इच्छा होती. १६०८ च्या पत्रांत त्यानें तशी परवानगी मागितली, पण तें साधलें नाहीं. १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ त तर लोकांनीं स्वभाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम गोव्याच्या सरकारनें काढला. छापील पुस्तक गेलें, राजसत्ता विरुद्ध, आणि तरी ग्रंथ उरला. तो गोव्याहून कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती मंडळीच्या हस्तलिखितांत. १७८४ त टिपूनें त्या मंडळीस श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें, इगर्ज्या पाडल्या. १७९९ नंतर जे परतले त्यांनीं धर्मग्राम पुन्हा वसविले. त्या मुलखांतील हस्तलिखितांवरूनच सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरची आवृत्ति काढली. मराठी साहित्यिकांच्या खटपटीचा त्यांत कांहीं भाग नव्हता, हेंही येथें नमूद करावें. आमच्याकडे नागरी आवृत्ति निघाली ती १९५६ त, शांताराम बंडेलू यांची.

जस्टिन अ‍ॅबट यांनीं लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील नागरी हस्तलिखित प्रकाशांत आणलें. त्यांत मंगळूरच्या पाठांतील कित्येक पोर्तुगीज धर्मशब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत, व म्हणून तेंच अधिक शुद्ध, असा कल पुष्कळांचा होतो. आम्हांस तो मान्य नाहीं. कोणता पाठ आधींचा, हा वाद पंडितांनीं मिटवावा. पण साष्टींतील शेतकरी इगर्जींत बसून ऐकत असतां ‘इस्पिरितु सांतु’ हाच शब्द त्याच्या ओळखीचा होता. प्रार्थनेंत तो तोच उच्चारी. शेजारच्याच ओवींत स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हटलेलें त्यास खटकत नव्हतें. ही सरमिसळ त्या मंडळीची स्वतःची आहे, आणि ती जेथें राहिली तो मंगळूरचा पाठ आम्ही पसंत करितों.