सिसिफसच्या डोंगरावर दुसरं कुणीच नाही

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता. आयुष्याला मुळातच काही अर्थ असतो, की तो आपण वरून चिकटवतो? हा विषय निघाला की कामू निघतोच. सिसिफसवरचा त्याचा निबंध १९४२ सालचा. देवांनी दिलेली शिक्षा म्हणून सिसिफस धोंडा डोंगरावर चढवतो, धोंडा गडगडत खाली येतो, की हा पुन्हा उतरतो. कामू म्हणतो, माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं. ते गप्प राहणं ओळखून, खोट्या आशेला न टेकता जगायचं. वाचताना आपण भारावतो. आम्हीही वर्षानुवर्षं तो भारावूनच शिकवला.

आता मात्र एक गोष्ट खटकते. त्या डोंगरावर दुसरं कुणीच नाही. सिसिफसची बायको निबंधात येते ती नवऱ्याचं सांगणं तंतोतंत पाळून त्याचा राग ओढवून घेण्यापुरती. धोंडा ढकलताना तिची आठवण होते का, हे कामू विचारतच नाही. असा एकटा माणूस घेतल्यावर अर्थ सापडला नाही, यात नवल कसलं?

याच्या शेजारी नेमाड्यांची 'कोसला' ठेवू. ती १९६३ची. पांडुरंग सांगवीकराचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' ऐकून समीक्षेनं तिला अस्तित्ववादाच्या खात्यात टाकलं. पण मनीचं काय? धाकटी बहीण देवीच्या आजारानं जाते, आणि तिथे 'वगैरे' पुरत नाही. पांडुरंगाचं दुःख विश्वाबद्दल नाही, मनीबद्दल आहे.

संस्कृतात 'अर्थ्' धातू मागण्याचा. प्रार्थना, विद्यार्थी हे सगळे त्याच घरातले. (व्युत्पत्तीनं तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.) म्हणजे मागणाराच नसेल तर अर्थ कुठला? इथवर कामूशी आपलं जुळतं. पण मागणं सुरू कुठून होतं? पांडुरंगानं आधी अर्थाचा विचार केला आणि मग मनीला तो बहाल केला, असं झालेलं नाही. ती हवीशी होतीच. प्रश्न मागून आला, ती गेल्यावर.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, तरी जग गप्पच राहिलं ना? राहिलं. पण जे गेलं त्याला मोल नसतं, तर त्या गप्प राहण्याचा एवढा जाच झाला असता का? हे मोल जगाच्या पोटात दडलेलं नव्हतं आणि पांडुरंगाच्या मर्जीनं बनलेलंही नव्हतं. कामूच्या १९४२च्या हिशेबात ते जमेला धरलेलंच नाही.

कामूवर अन्याय नको. १९४७च्या 'द प्लेग'मध्ये डोंगर जातो आणि ओरान शहर येतं. न्यायाधीश ओतोंचं लहान पोर तळमळत मरतं आणि डॉक्टर रियो संतापतो. पुढच्या वेळी येताना तेवढा भाग वाचून या. सिसिफस घरी राहिला तरी चालेल.